संथ ठेका, कानालगतचा आवाज: ब्राझिली गळ्याचं डाउनटेम्पो समजून घेताना

गाणी ऐकवणाऱ्या कुठल्याही ॲपवर 'चिल' किंवा 'लाउंज' नावाची यादी उघडा. चार-पाच गाण्यांत एक तरी हमखास असं निघतं: पोर्तुगीजमध्ये जवळपास कुजबुजणारी गायिका, रेंगाळत चाललेला ठेका, मधूनच डोकावणारी गिटार आणि मागे पसरलेले सिंथेसायझरचे लांबलचक सूर. ऐकणारा म्हणतो, "छान आहे, स्वप्नात असल्यासारखं वाटतं." पुढे विचारलं की हे नक्की काय आहे, जॅझ की क्लबमधलं संगीत, ब्राझीलचं की युरोपचं, तर बहुतेकांची गाडी तिथेच अडते. दुकानांत आणि विमानतळांवर हे संगीत इतकं वाजतं की त्यामागे काही विचार असेल असंही कुणाला वाटत नाही.

विचार आहे, आणि भरपूर आहे. तो कळायला संगीत शिकलेलं असायची गरज नाही.

आधी 'डाउनटेम्पो' म्हणजे काय ते बघू

इलेक्ट्रॉनिक संगीतात वेग मोजतात तो एका मिनिटात किती ठोके पडतात यावरून. नाचायचं हाउस संगीत साधारण १२० ते १३० ठोक्यांचं असतं, ड्रम अँड बेस १६० ते १८० पर्यंत पळतं. डाउनटेम्पो म्हणजे ढोबळमानाने ७० ते ११० ठोक्यांच्या घरातलं, नाचण्यापेक्षा बसून ऐकण्यासाठी केलेलं इलेक्ट्रॉनिक संगीत. व्याख्या एवढीच. बाकी सगळ्या शाखा-उपशाखा दुकानदारांनी आणि समीक्षकांनी वाढवल्या.

हा प्रकार आकाराला आला १९९० च्या आसपास. रात्रभर नाचून दमलेल्यांना टेकायला क्लबांनी बाजूच्या खोल्या उघडल्या आणि तिथे वाजवायला वेगळं काहीतरी लागू लागलं. इंग्लंडमधल्या ब्रिस्टल शहरातून १९९१ मध्ये मॅसिव्ह अटॅक या गटाचा 'ब्लू लाइन्स' हा अल्बम आला. स्पेनच्या इबिझा बेटावर सूर्यास्ताच्या वेळी संगीत लावणाऱ्या 'काफे देल मार'च्या संग्रहांची मालिका १९९४ मध्ये सुरू झाली. वॉशिंग्टनमधल्या एका बारमध्ये १९९५ मध्ये थीव्हरी कॉर्पोरेशन ही जोडी जमली. जुन्या ब्राझिली रेकॉर्डींचं वेड हा त्या दोघांतला समान धागा होता. तो योगायोग नव्हता, कारण संथ, मऊ आणि तरीही तालात असलेलं संगीत ब्राझीलमध्ये तेव्हा चाळिशीला आलं होतं.

कुजबुज आली कुठून?

सांबा हे मुळात रस्त्यावरचं, अनेक तालवाद्यांचं, मोकळ्या गळ्याने गायचं संगीत. १९५० च्या दशकाच्या शेवटी रिओ दि जानेरोमधल्या काही तरुणांनी ते घरात आणलं. तिथल्या कोपाकबाना भागात नारा लियाँव या गायिकेच्या घरच्या फ्लॅटमध्ये त्यांच्या बैठका व्हायच्या. फ्लॅट म्हटल्यावर शेजारी आलेच, तेव्हा आवाज आपोआप बसला असं गमतीने सांगतात. शेजाऱ्यांचं खरं-खोटं काहीही असो, १९५८ मध्ये गायक-गिटारवादक जुआँव जिल्बेर्तोची पहिली गाजलेली रेकॉर्ड आली आणि घरात आलेल्या या हळू आवाजातल्या सांब्याला, म्हणजे बॉसा नोव्हाला, चेहरा मिळाला. गाणं संगीतकार तोम जोबिम आणि कवी विनिसियस दि मोराइस यांचं होतं, गायचा ढंग मात्र सर्वस्वी जिल्बेर्तोचा.

त्याने काय केलं ते नीट बघण्यासारखं आहे. सांब्याचा अख्खा ताफा त्याने एका गिटारवर बसवला. अंगठा खालच्या तारेवर एकसारखे ठोके देतो. ते काम सुर्दू या मोठ्या ढोलाचं. उरलेली बोटं वरच्या तारा एकदम छेडतात, पण ठोक्यावर नाही, ठोक्यांच्या मधल्या फटींत. ते काम तांबोरिं या छोट्या कडक डफाचं. एका हातात दोन वादक. आणि त्यावर गळा असा की श्रोत्याला आपण समोरच्या खुर्चीत बसलोय असं वाटावं. स्वराला कंप नाही, ओढाताण नाही, ओळीच्या शेवटी टाळ्या मागणारी तान नाही.

हे गाणं मायक्रोफोनशिवाय शक्यच नव्हतं. १९२५ च्या सुमारास विजेवर चालणारं ध्वनिमुद्रण आलं, त्याआधी गायकाला भोंग्यात किंवा नाट्यगृहाच्या शेवटच्या रांगेपर्यंत आवाज पोचवावा लागायचा. मायक्रोफोनने ती सक्ती काढून टाकली. वर एक लाभही दिला: एका दिशेने ऐकणाऱ्या मायक्रोफोनच्या अगदी जवळ तोंड नेलं की आवाजातला खर्ज वाढतो. म्हणून हळू गायलेला आवाजही बारीक वाटत नाही, उलट उबदार आणि भरीव लागतो. म्हणजे आज ज्याला आपण 'नैसर्गिक, साधं' म्हणतो ते बॉसा नोव्हाचं गाणं मुळातच यंत्राच्या आधारावर उभं आहे. पुढे सिंथेसायझर आणि ड्रम मशीन त्याच्या शेजारी येऊन बसले, तेव्हा ते परक्या घरात आले नव्हते. माझ्या मते या सगळ्या प्रकाराची किल्ली इथे आहे.

यंत्राचा ठेका आणि माणसाचा गळा यांचं जमतं कसं?

कॉम्प्युटरवर रचलेला ठेका चौकटीत बसवलेला असतो. प्रत्येक ठोका ठरलेल्या जागी, पहिल्या मिनिटाला आणि पाचव्या मिनिटालाही. जिल्बेर्तो मात्र गिटार घड्याळासारखी चालवायचा आणि गाणं तिच्या जरा मागे ठेवायचा, कधी पुढे काढायचा. शब्द समेवर येईल असं वाटतं, तो येत नाही, अर्धा क्षण थांबून येतो.

झोपाळ्याच्या कड्या वर घट्ट असतात म्हणूनच खालची फळी पुढे-मागे जाऊ शकते. कड्याच हलू लागल्या तर झोका राहत नाही, नुसती धडपड उरते. ड्रम मशीन या कड्यांचं काम करतं. ते जितकं अढळ, तितकं गायिकेचं किंचित उशिरा येणं आपल्याला जाणवतं. त्यामुळे 'यंत्र आलं आणि जिवंतपणा गेला' ही तक्रार इथे फारशी लागू पडत नाही. चांगल्या अल्बममध्ये यंत्राच्या काटेकोरपणामुळेच गळ्याचा सैलपणा उठून दिसतो. वाईट अल्बममध्ये गळाही कॉम्प्युटरवर ओढून चौकटीत बसवलेला असतो आणि मग खरोखरच सगळं मेलेलं वाटतं. हे त्या प्रकाराचं नव्हे, निर्मात्याचं पाप.

आणखी एक गंमत आहे. या संगीतात मुख्य ठोका संथ असला तरी वर खुळखुळ्यासारखं एखादं वाद्य प्रत्येक ठोक्याचे चार बारीक तुकडे करत असतं. ९० ठोक्यांच्या गाण्यात ते मिनिटाला ३६० वेळा वाजतं. म्हणून पाय हळू हलतो, पण कंटाळा येत नाही. निव्वळ संथ संगीत झोप आणतं. हे संथ आणि गजबजलेलं, दोन्ही एकाच वेळी असतं.

मग 'स्वप्नाळू' वाटतं ते नेमकं कशाने?

मुख्य कारण घुमारा, म्हणजे रिव्हर्ब. मोठ्या खोलीत टाळी वाजवली की भिंतींवरून परतलेले असंख्य आवाज मिसळून मूळ आवाजामागे शेपूट लागतं, तो रिव्हर्ब. स्टुडिओत तो कृत्रिमरीत्या देतात. १९५७ च्या जर्मन यंत्रात त्यासाठी पोलादाचा मोठा पत्रा थरथरवत असत. १९७० च्या दशकाच्या उत्तरार्धात हे काम अंकीय यंत्रं करू लागली. आता ते कॉम्प्युटरमध्येच होतं.

पण नुसता घुमारा वाढवला तर गायिका लांब गेल्यासारखी वाटते, विहिरीच्या तळातून गातेय अशी. मग ती कानाशीही असावी आणि भोवतीची जागाही अफाट असावी, हे कसं साधायचं? इथे एक छोटी युक्ती लागते. मूळ आवाज आणि घुमाऱ्याची सुरुवात यांच्यात मुद्दाम थोडी फट ठेवतात, समजा ६० मिलिसेकंदांची. हवेत आवाज सेकंदाला साधारण ३४० मीटर जातो, म्हणजे ६० मिलिसेकंदांत सुमारे २० मीटर. जाऊन-येऊन २० मीटर, म्हणजे भिंत १० मीटरवर. शब्द आधी कोरडा, ओठांच्या हालचालीसकट कानात येतो आणि त्यानंतर दूरची भिंत बोलते.

प्रत्यक्ष आयुष्यात असं होत नाही. प्रचंड दालनात कुणी तुमच्या कानात कुजबुजलं तर दालन उत्तर देत नाही, कारण कुजबूज भिंतीपर्यंत पोचतच नाही. इथे मात्र कुजबुजीला दालन उत्तर देतं. जवळ आणि दूर एकाच क्षणी ऐकू येतं, मेंदूला हे जमेला धरता येत नाही, आणि त्या न जुळणाऱ्या हिशेबाला आपण 'स्वप्नासारखं' म्हणतो.

दुसरं कारण स्वरांचं. सा-ग-प एकदम वाजवा, घरी पोचल्यासारखं वाटतं. त्यात वरचा शुद्ध नी मिळवा. नी आणि सा यांत अर्ध्या स्वराचंच अंतर, त्यामुळे तो सतत वर सरकू पाहतो, पण सरकत नाही. त्यात आणखी रे घातला की गोष्ट अजूनच अधांतरी होते. वाईटही वाटत नाही, संपल्यासारखंही वाटत नाही. बॉसा नोव्हाने अशा स्वरसंगती जॅझच्या संगतीत राहून भरभरून वापरल्या. डाउनटेम्पोवाल्यांनी त्याच सिंथेसायझरवर मिनिटभर धरून ठेवल्या आणि वरची तीक्ष्ण कंपनं गाळून टाकली. गिटारवरची स्वरसंगती विरते, सिंथेसायझरवरची विरतच नाही.

तिसरं, प्रतिध्वनी, म्हणजे तोच आवाज थोड्या वेळाने सुटा परत ऐकू येणं. तो गाण्याच्या वेगाला बांधलेला असतो. ९० ठोक्यांच्या गाण्यात एक ठोका ६६७ मिलिसेकंदांचा. प्रतिध्वनी त्याच्या पाऊणपटीवर, म्हणजे ५०० मिलिसेकंदांवर ठेवला तर तो ठोक्यावर न पडता दोन ठोक्यांच्या मध्ये पडतो. जिल्बेर्तोची बोटं जिथे तारा छेडायची, साधारण तशाच फटींत.

जिल्बेर्तो स्वतः उमेदवारीच्या काळात, १९५० च्या दशकाच्या मध्यावर, बहिणीच्या घरी न्हाणीघरात बसून तासन् तास गायचा, कारण तिथल्या भिंती आवाज छान परतवायच्या, असं त्याचे चरित्रकार सांगतात. रिव्हर्ब बाहेरून चिकटवलाय असं म्हणणाऱ्यांनी ही न्हाणी ध्यानात ठेवावी.

एक अल्बम हातात घेऊन बघू

या प्रकाराचा सगळ्यात ठळक नमुना म्हणजे २००० मध्ये बेल्जियमच्या क्रॅम्ड डिस्क्स या कंपनीने काढलेला 'तांतो तेंपो'. गायिका बेबेल जिल्बेर्तो, त्याच जुआँवची आणि मियूशा या गायिकेची मुलगी, १९६६ मध्ये न्यूयॉर्कमध्ये जन्मलेली. आपल्या घरातली परंपरा तिने जपली असं म्हणणं सोपं आहे, पण अल्बमचा ध्वनी घडवला तो एका भलत्याच माणसाने.

मितार सुबोतिच ऊर्फ सुबा. जन्म १९६१, युगोस्लाव्हियातल्या नोवी साद शहरात. युरोपात इलेक्ट्रॉनिक संगीत करणारा हा माणूस युनेस्कोच्या शिष्यवृत्तीवर आफ्रो-ब्राझिली तालांचा अभ्यास करायला ब्राझीलला गेला आणि १९९० च्या सुमारास साओ पावलोत राहूनच गेला. त्याचं वैशिष्ट्य असं की तो ड्रम मशीनवर सांबा लादत नसे आणि सांब्यावर ड्रम मशीनही नाही. त्रिओ मोकोतो या ब्राझिली गटातला ज्येष्ठ तालवादक जुआँव पाराइबा त्याच्या कामात खरा ताल धरायचा, यंत्र त्याच्या खाली बारीक आवाजात चालायचं, आणि दोघांच्या मधे भरपूर मोकळी जागा ठेवलेली असायची. पुष्कळ निर्माते ती जागा भरायच्या मोहात पडतात. सुबा पडला नाही. अल्बमवर अमोन टोबिन हा इलेक्ट्रॉनिक संगीतकार आणि थीव्हरी कॉर्पोरेशन यांचाही हात फिरला आहे, तरी मूळ बांधणी त्याची.

नोव्हेंबर १९९९ मध्ये साओ पावलोत त्याच्या घराला आग लागली आणि धुराने त्याचा जीव गेला. आत असलेलं ध्वनिमुद्रण वाचवण्यासाठी तो धडपडत होता असं सांगितलं जातं. त्याचा स्वतःचा अल्बम नुकताच आला होता. 'तांतो तेंपो' बाजारात आलेला त्याला बघायला मिळाला नाही.

बेबेलचं गाणं हेडफोन लावून ऐका. ओळ सुरू होण्याआधीचा श्वास ऐकू येतो, 'प' आणि 'ब' उच्चारताना ओठ उघडल्याचा बारीक आवाज येतो. जुन्या शिस्तीचा ध्वनितंत्रज्ञ हे पुसून टाकेल. इथे ते ठेवलेलं आहे, कारण माणूस जवळ असल्याची खूण मेंदू याच आवाजांवरून पटवतो.

"पण शब्दच कळत नाहीत, मग ऐकायचं काय?"

रास्त प्रश्न. या प्रकाराला पोर्तुगीजचा एवढा सोस का, याचं एक उत्तर ध्वनीतच आहे. ब्राझिली पोर्तुगीजमध्ये अनुनासिक स्वर भरपूर आहेत. नाकातून जाणारा स्वर काठाला मऊ असतो आणि घुमाऱ्यात चटकन मिसळतो. 'श', 'ज' यांसारख्या वर्णांमुळे सळसळ येते आणि ती खुळखुळ्याच्या जातीची असते. गळा तालवाद्यासारखाही वापरता येतो तो असा.

तरी मी एवढ्यावर समाधान मानू नये असं म्हणेन. 'तांतो तेंपो'मधली कित्येक गाणी जुनी आहेत, विनिसियससारखा कवी आणि शिकू बुआर्कीसारखा गीतकार त्यांच्या मागे आहे. त्यांचं भाषांतर एकदा वाचून मग परत ऐकलं तर 'सुखद' वाटलेल्या ओळींतलं दुःख दिसतं. मऊ आवाज म्हणजे मऊ आशय नव्हे.

"हा तर ब्राझीलचा नुसता रंग फासण्याचा प्रकार"

काही अल्बमांबाबत हे शंभर टक्के खरं आहे. एखादी पोर्तुगीज ओळ, समुद्राच्या लाटा, मुखपृष्ठावर नारळाचं झाड, झालं ब्राझील. पण अस्सल-नकलीची रेघ ओढायला गेलं की ती सरकत मागे जाते. बॉसा नोव्हावरही हाच आरोप झाला होता. सांबा हा ब्राझीलमधल्या कृष्णवर्णीय वस्त्यांचा, आणि त्याला जॅझच्या स्वरसंगती लावून फ्लॅटमध्ये नेणारी बहुतेक मुलं रिओच्या सुखवस्तू भागातली. कोण कुणाचं घेतंय हा प्रश्न २००० मध्ये सुरू झाला नाही.

माझ्या दृष्टीने त्यापेक्षा खडा सवाल पैशाचा आहे. मार्च १९६३ मध्ये न्यूयॉर्कला जुआँव जिल्बेर्तो आणि सॅक्सोफोनवादक स्टॅन गेट्झ यांचा अल्बम ध्वनिमुद्रित झाला. जुआँवची तेव्हाची पत्नी आस्त्रूद दोन गाण्यांत इंग्रजी ओळी गायली. पुढच्या वर्षी त्यातलं 'द गर्ल फ्रॉम इपानेमा' वेगळ्या रेकॉर्डवर निघालं तेव्हा जुआँवचा पोर्तुगीज भाग कापून फक्त आस्त्रूदचा आवाज ठेवला. जगाने ऐकलं ते तिलाच. अल्बमला १९६५ मध्ये वर्षातल्या सर्वोत्तम अल्बमचं ग्रॅमी मिळालं. तिला मात्र त्या कामाचे १२० डॉलर मिळाले, असं सर्वत्र नोंदलेलं आहे.

असं होऊ शकतं कारण गाण्याचे हक्क दोन जागी असतात. एक रचनेचा, म्हणजे कवी आणि संगीतकाराचा. दुसरा त्या विशिष्ट ध्वनिमुद्रणाचा, जो बहुधा कंपनीकडे असतो. बिदागीवर गाऊन गेलेल्या माणसाचं नाव करारात नसेल तर पुढच्या विक्रीत त्याचा वाटा नाही. 'तांतो तेंपो'सारखा अल्बम जुनी गाणी नव्याने गातो, तेव्हा मूळ रचनाकारांना मानधन जातं. जुन्या रेकॉर्डचा तुकडा उचलून वापरायचा तर दोन्हीकडे परवानगी लागते. आणि कुणी नुसता 'तसा' आवाज, 'तसा' ठेका केला तर कुणालाच काही जात नाही, कारण शैलीवर कुणाचा हक्क चालत नाही.

"मग हे कॉम्प्युटरच का करणार नाही?"

करतोय. 'चिल' याद्यांमध्ये कर्ता-करविता कोण हे न कळणारं संगीत भरपूर शिरलं आहे, आणि हा प्रकार नकलेला सगळ्यात सोपा, कारण वरवरच्या खुणा मोजक्या आहेत: संथ ठेका, अनुनासिक गळा, लांब घुमारा. श्रोता अर्धवट कानाने ऐकणार हे गृहीतच धरलेलं असतं.

पूर्ण कानाने ऐकायचं असेल तर आधी फक्त गिटार किंवा खुळखुळा पकडा आणि गायिकेचा शब्द त्याच्या आधी येतो की नंतर ते पाहा. दर वेळी सारखंच अंतर पडत असेल तर तिथे कुणी निर्णय घेत नाहीये. मग श्रेयनामावली उघडा. तालवादकाचं नाव आहे का, जुन्या गाण्याखाली मूळ कवी-संगीतकार नोंदवलेत का, हे दोन मिनिटांत कळतं. बऱ्याच ॲपवर गाण्याच्या तपशिलात ही माहिती मिळते. रचनाकाराच्या जागी एखादं अनोळखी नाव असेल आणि त्याच नावावर शेकडो गाणी असतील, तर ती यादी कशासाठी बनवलीय याचा अंदाज बांधायला हरकत नाही.